टिकाऊ तलवार म्हणजे नेमकं काय?

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरचा फोन आला. "ताई, मध्ययुगीन युरोपीय तलवारीची एक टिकाऊ प्रतिकृती घ्यायची आहे. बजेट फार नाही. कुठली घेऊ?"

त्याचा सिनॉप्सिस मी वाचला होता आणि विषय खरंच चांगला आहे. स्वीडनमधल्या गॉटलंड बेटावर १३६१ साली व्हिस्बी शहराबाहेर लढाई झाली. तिथल्या सामूहिक कबरींत हजाराहून जास्त माणसांचे अवशेष सापडले आणि अनेक हाडांवर शस्त्रांच्या वारांच्या खुणा स्पष्ट दिसतात. त्याला बघायचं आहे की त्या काळच्या तलवारीने केलेल्या वाराची हाडावरची खूण वाचून वाराची दिशा आणि जोर यांबद्दल किती सांगता येईल. त्यासाठी प्रतिकृती तलवारीने जनावरांच्या हाडांवर वार करून खुणा तपासायच्या. पद्धत नवी नाही, पण काम नीट केलं तर उपयोगाचं आहे.

मी त्याला विचारलं, "टिकाऊ म्हणजे?"

तो म्हणाला, "म्हणजे... मोडू नये अशी."

इथेच मला थांबावंसं वाटलं. सिनॉप्सिसमध्ये आपण 'प्रभावी', 'यशस्वी', 'दर्जेदार' असे शब्द लिहितो, तेव्हा गाइड विचारतात, "मोजणार कसं?" त्या प्रश्नाची आपल्याला सवय होते. पण वस्तू विकत घ्यायची वेळ आली की आपण तो प्रश्न विसरतो आणि दुकानदाराची भाषा उसनी घेतो. या लेखात मी त्या उसन्या भाषेची तपासणी केली आहे. तलवार तुमचा विषय नसली तरी वाचा. तुम्ही सेन्सर घ्याल, रेकॉर्डर घ्याल, एखादी प्रश्नावली आयती घ्याल, तेव्हाही हाच घोळ होतो.

बाजारातली तीन विशेषणं

प्रतिकृती तलवारींबद्दल खरेदीचा सल्ला देणारं जे काही लिहिलं जातं, त्यात तीन शब्द कायम येतात: 'हाय कार्बन', 'फुल टँग' आणि 'बॅटल रेडी'. तिन्ही शब्द पूर्ण खोटे नाहीत. त्यांनी भिंतीवर टांगायच्या शोभेच्या तलवारी बाजूला काढता येतात, एवढा उपयोग नक्की आहे. पण संशोधनासाठी निकष म्हणून ते कितपत चालतात, ते एकेक करून बघू.

पहिला शब्द, हाय कार्बन. पोलादाच्या नावातला आकडा बऱ्याचदा कार्बनचं प्रमाण सांगतो. १०६० म्हणजे सुमारे ०.६० टक्के कार्बन, १०७५ म्हणजे सुमारे ०.७५, १०९५ म्हणजे सुमारे ०.९५. ५१६० मध्ये कार्बन सुमारे ०.६० टक्केच, पण सोबत थोडं क्रोमियम असतं. ते मुळात वाहनांच्या स्प्रिंगांचं पोलाद. इथपर्यंत ठीक आहे. पण गावाकडच्या लोहाराला विचारा. कोयत्याची पट्टी तीच असली तरी 'पाणी' नीट बसलं नाही तर एक कोयता वाकतो आणि दुसऱ्याची धार तुकड्यातुकड्याने उडते. पोलाद लाल तापवून एकदम थंड केलं की कडक होतं, पण तसंच सोडलं तर काचेसारखं ठिसूळ राहतं. ते पुन्हा कमी उष्णतेवर तापवून, म्हणजे टेंपरिंग करून, थोडा कडकपणा सोडावा लागतो आणि त्या बदल्यात चिवटपणा मिळतो. चांगल्या आधुनिक प्रतिकृतींचा कडकपणा साधारण रॉकवेल सी मापावर ४८ ते ५२ च्या आसपास ठेवतात. स्वयंपाकघरातली चांगली सुरी याहून कडक असते, कारण तिला धक्के सोसायचे नसतात.

म्हणजे 'हाय कार्बन' हा शब्द कच्च्या मालाबद्दल सांगतो, त्या मालाचं पुढे काय केलं याबद्दल नाही. एकाच १०७५ पासून उत्तम तलवारही होते आणि पहिल्याच फटक्यात तुटणारीही. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न 'कुठलं पोलाद?' एवढाच नसतो. 'कडकपणा किती, पात्यावर कुठे मोजला आणि प्रत्येक पात्याचा मोजता की नमुन्याचा?' हेही विचारायचं असतं.

दुसरा शब्द, फुल टँग. टँग म्हणजे पात्याची मुठीत जाणारी शेपटी. 'फुल टँग' हा शब्द सुऱ्यांच्या दुनियेतून आला आहे. तिथे शेपटी मुठीएवढीच रुंद असते आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या रिव्हेटने बसवतात. मध्ययुगीन युरोपीय तलवार साधारणपणे अशी नसते. तिची शेपटी पात्याहून अरुंद असते, मागे निमुळती होत जाते, लाकडी मुठीतून आरपार जाते आणि मुठीमागच्या धातूच्या गोळ्यातून बाहेर काढून तिचं टोक ठोकून पसरवतात. त्यामुळे शब्दशः 'फुल टँग' मागाल, तर चुकीची तलवार मागाल.

कमजोरी येते ती दोन जागी. एक म्हणजे, पातं संपून शेपटी सुरू होते तिथला कोपरा. तो काटकोनात कापलेला असेल तर सगळा ताण त्या एका बिंदूवर गोळा होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. तो कोपरा गोलाई देऊन सोडलेला हवा. दुसरी जागा म्हणजे वेल्डिंगचा जोड. स्वस्त तलवारीत पात्याला आखूड शेपटी ठेवून तिला आटे पाडलेला बारीक रॉड वेल्ड करतात. जास्त कार्बनच्या पोलादाला वेल्ड केलं की जोडालगतचा पट्टा ठिसूळ होतो. वरून मूठ आणि चामडं चढवलेलं असल्याने बाहेरून काहीच दिसत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. पहिल्या वर्षी पायलटसाठी मी अशीच एक तलवार वर्णन वाचून घेतली होती. लाकडी खांबावर वार करताना दुसऱ्या दिवशी पातं मुठीतून निघून सात-आठ फुटांवर जाऊन पडलं. नोंदी घेणारी मैत्रीण नुकतीच चहा आणायला गेली होती, म्हणून कुणाला लागलं नाही. मूठ उघडल्यावर वेल्ड दिसला, आणि जोडाचा अर्धा भाग गंजून काळा पडलेला होता. म्हणजे तो बऱ्याच आधीपासून तडकलेला होता. पैसे गेले याचं वाईट वाटलं, पण मोठं नुकसान वेगळंच होतं. त्याआधी घेतलेल्या साठ वारांच्या नोंदींपैकी किती वार घट्ट मुठीने झाले आणि किती डगमगत्या मुठीने, हे सांगायला माझ्याकडे काहीच मार्ग नव्हता. सगळ्या नोंदी बाद कराव्या लागल्या.

तिसरा शब्द, बॅटल रेडी. याच्यावर फार लिहायची गरज नाही. कुठली लढाई? पोलादावर पोलाद, की चामड्यावर पोलाद? शंभर फटके की दहा हजार? या शब्दामागे कुठलीही ठरलेली चाचणी नाही. कुणीही लावावा असा तो शब्द आहे, आणि माझ्या त्या तलवारीलाही लावलेला होता.

वाकवून दाखवण्याची चाचणी

तलवारीचं टोक दाबून पातं धनुष्यासारखं वाकवायचं आणि सोडल्यावर ते सरळ झालं की टाळ्या. ही चाचणी दिसायला फार छान असते, म्हणून ती वारंवार दाखवतात. पण तिने नेमकं काय सिद्ध होतं?

इथे एक गैरसमज आधी दूर करू. 'स्प्रिंग स्टील जास्त लवचीक असतं, म्हणून पातं सहज वाकतं' असं सर्रास म्हटलं जातं. पातं वाकवायला किती जोर लागतो, हे पोलादाच्या जातीवर जवळजवळ अवलंबून नसतं. सगळ्या नेहमीच्या पोलादांचा प्रत्यास्थता गुणांक २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपासच असतो, त्याला पाणी दिलेलं असो वा नसो. पात्याचा ताठपणा त्याच्या आकारातून येतो आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. पाणी आणि टेंपरिंग यांनी बदलते ती मर्यादा: कुठपर्यंत वाकवलं तर पातं परत सरळ होईल आणि कुठून पुढे वाकडंच राहील.

म्हणजे वाकवण्याच्या चाचणीतून एवढंच कळतं की तेवढ्या वाकापर्यंत हे पातं कायमचं वाकलं नाही. ही माहिती उपयोगी आहे. पण कोपऱ्यात तडा आहे का, धार धक्क्याने चेचली जाईल की तुकडा उडेल, पाच हजार फटक्यांनंतर धातू थकेल का, यातलं काहीच त्यातून कळत नाही. एका गुणाची चाचणी घेऊन दुसऱ्याच गुणाचं प्रमाणपत्र द्यायचं, अशातला हा प्रकार आहे. आपल्या भाषेत हा वैधतेचा, म्हणजे व्हॅलिडिटीचा प्रश्न झाला. मोजमाप अचूक असूनही ते भलत्याच गोष्टीचं असू शकतं.

जाड केली की टिकते, पण मग ती तलवार राहते का?

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तलवार टिकाऊ करायचा सोपा मार्ग म्हणजे ती जाड करणं. बऱ्याच प्रतिकृती तशाच करतात. पाच मिलिमीटरची सपाट पट्टी घ्यायची, कडेने घासायची आणि जाडी मुठीपासून टोकापर्यंत जवळजवळ तीच ठेवायची.

मूळ तलवारी सहसा अशा नसतात. त्यांची जाडी मुठीजवळ जास्त असते आणि टोकाकडे उतरत जाते. मध्ये पन्हळ असेल तर तिच्यामुळेही वजन कमी होतं. एका हातात धरायच्या मध्ययुगीन तलवारीचं वजन बहुधा एक ते दीड किलोच्या दरम्यान भरतं. सिनेमामुळे आपल्या डोक्यात असलेलं पाच-सात किलोचं धूड कुठेच नसतं.

या उतरत्या जाडीने फरक किती पडतो, ते कागदावर सहज काढता येतं. समजा, पात्याची रुंदी सारखीच आहे. एका पात्याची जाडी सगळीकडे ५ मिलिमीटर, दुसऱ्याची मुठीजवळ ५ आणि टोकाशी अडीच, मधे एकसारखी उतरत जाणारी. दुसऱ्या पात्याचं वजन २५ टक्के कमी भरेल. पण मुठीभोवती ते फिरवताना जाणवणारं जडत्व सुमारे ३७ टक्के कमी होईल, कारण कमी झालेलं लोखंड मुख्यतः टोकाकडचं आहे आणि जडत्वात अंतराचा वर्ग येतो. करून बघा, साधं इंटिग्रेशन आहे.

आता हे माझ्या ज्युनिअरच्या प्रश्नाला लावा. त्याला हाडावरच्या खुणेवरून वाराचा जोर ओळखायचा आहे. त्याने 'मोडू नये' म्हणून जाड पात्याची तलवार घेतली, तर ती त्याच वेगाने फिरवताना जास्त ऊर्जेने आदळेल. किंवा हाताला जड वाटेल म्हणून तो हळू फिरवेल. धारेमागचं पातं जाड असल्याने हाड चिरण्याऐवजी फाकेल. खूण उमटेल, फोटो सुरेख येतील, आकडे मिळतील, आणि ते आकडे १४व्या शतकातल्या तलवारीबद्दल काहीच सांगणार नाहीत. तलवार तीन वर्षं टिकेल आणि प्रबंधाचा पायाच डळमळीत राहील.

बोथट सरावाच्या तलवारींचंही तसंच. त्यांची धार मुद्दाम जाड आणि गोल ठेवतात. एकमेकींवर आपटून खाचा कमी पडाव्यात आणि माणसाला लागू नये, हा हेतू रास्त आहे. पण दोन धारदार पाती एकमेकांत किंचित रुततात आणि क्षणभर अडकतात. बोथट पाती घसरतात. इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये ढाल-तलवारीच्या द्वंद्वाचं एक हस्तलिखित आहे. ते 'आय ३३' या क्रमांकाने ओळखलं जातं, आणि युरोपातली शिल्लक असलेली ती सर्वांत जुनी शस्त्रविद्येची पोथी मानली जाते. त्यात पात्याला पातं भिडवून ठेवण्यावर फार भर आहे. ते डाव फक्त बोथट तलवारींनी करून बघितले आणि 'हे चालत नाही' असा निष्कर्ष काढला, तर चूक पोथीची की अवजाराची, हे कसं ठरवणार?

मूळ तलवारी तरी किती टिकाऊ होत्या?

'अस्सल तलवारीसारखी टिकाऊ' असंही वर्णन आढळतं. यात गृहीत धरलंय की अस्सल तलवारी सगळ्या सारख्या आणि सगळ्या उत्तम होत्या.

ॲलन विल्यम्स यांनी युरोपीय तलवारींच्या धातूचा सूक्ष्मदर्शकाखाली अनेक वर्षं अभ्यास केला. 'द सोर्ड अँड द क्रुसिबल' हे त्यांचं पुस्तक २०१२ साली आलं. त्यातून दिसणारं चित्र फार मिश्र आहे. काही पाती चांगल्या पोलादाची आणि नीट पाणी दिलेली, काही लोखंड आणि पोलाद यांचे थर जोडून केलेली, काहींत नुसतंच मऊ लोखंड. त्या काळच्या भट्टीतून निघणाऱ्या लोखंडात मळीचे धागे राहायचे आणि कार्बन एकाच पात्यात ठिकठिकाणी वेगळा असायचा. 'उल्फबर्ट' हे नाव कोरलेल्या तलवारींचं उदाहरण प्रसिद्ध आहे. अशा दीडशेहून जास्त तलवारी युरोपभर सापडल्या आहेत. विल्यम्स यांनी तपासलेल्यांपैकी काहींत अतिशय जास्त कार्बनचं उंची पोलाद निघालं, तर तेच नाव थोड्या वेगळ्या स्पेलिंगने कोरलेल्या काहींत साधं लोखंड. म्हणजे नाव बघून धातू ओळखता येत नाही, हा अनुभव हजार वर्षं जुना आहे.

इथे आणखी एक सापळा आहे. आपण बघतो त्या तलवारी शिल्लक राहिलेल्या आहेत. काही नदीत पडल्या, काही कबरीत ठेवल्या, काही चर्चमध्ये किंवा शस्त्रागारात जपल्या. फ्रान्समध्ये कास्तियों गावाजवळ दोर्दोन्य नदीत १५व्या शतकातल्या सुमारे ८० तलवारींचा साठा सापडला, तोही नदीत गेला म्हणूनच वाचला. ज्या तलवारी लढाईत मोडल्या त्यांचं लोखंड बहुधा पुन्हा भट्टीत गेलं. त्यामुळे संग्रहालयं बघून 'जुन्या तलवारी मोडत नसत' असं म्हणणं म्हणजे फक्त पास झालेल्यांना विचारून परीक्षा सोपी होती असं ठरवणं.

यातून निघणारी गोष्ट जरा अडचणीची आहे. आजच्या एकजिनसी पोलादाची चांगली प्रतिकृती धातूच्या बाबतीत मूळ तलवारीपेक्षा जवळजवळ नेहमीच सरस असते. आकार तंतोतंत मिळवता येईल, धातू नाही. हे लपवायचं कारण नाही, पण प्रबंधात लिहायला हवं.

टिकाऊपणा सोडून दिलेला एक चांगला अभ्यास

नुसती टीका नको म्हणून एक चांगलं उदाहरण देते. ते मध्ययुगाचं नाही, कांस्ययुगाचं आहे, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. राफाएल हर्मन, आंद्रेआ डोल्फिनी आणि सहकाऱ्यांनी कांस्य तलवारींच्या वापरावर केलेला अभ्यास २०२० साली 'जर्नल ऑफ आर्किऑलॉजिकल मेथड अँड थिअरी'मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता की जुन्या कांस्य तलवारींच्या धारेवर ज्या खाचा आणि वाक दिसतात, ते कुठल्या प्रकारच्या लढण्यातून आले असतील?

त्यांनी कांस्याच्याच प्रतिकृती करून घेतल्या. आधी नियंत्रित फटके, मग सराव असलेल्या लोकांकडून प्रत्यक्ष डाव. कुठल्या हालचालीने कुठली खूण उमटते ते नोंदवलं, आणि मग त्या खुणा ब्रिटन आणि इटलीतल्या ११० मूळ तलवारींवरच्या खुणांशी ताडून बघितल्या.

विचार करा, त्यांनी 'टिकाऊ' तलवार घेतली असती, म्हणजे पोलादाची, तर काय झालं असतं? खुणाच उमटल्या नसत्या, किंवा भलत्या उमटल्या असत्या. या अभ्यासात तलवारीचं खराब होणं हाच डेटा होता. त्यांना मुळासारखी खराब होणारी तलवार हवी होती, आणि ती मिळवण्यावर त्यांनी कष्ट घेतले.

माझा मुख्य मुद्दा हाच आहे. टिकाऊपणा हा तलवारीच्या अंगचा एक गुण नाही. कशावर, किती वेळा, आणि बिघडली तर कशी बिघडावी, या तीन उत्तरांवर तो ठरतो. ही उत्तरं तुमच्या संशोधन-प्रश्नातून येतात, कॅटलॉगमधून येत नाहीत.

मग घ्यायची कुठली?

एकच उत्तर नाही, पण प्रश्नानुसार ढोबळ विभागणी अशी करता येते.

१. प्रश्न हालचालीचा असेल, म्हणजे एखादा डाव शरीराला कसा जमतो, किती वेळ लागतो, तर बोथट सरावाची तलवार घ्या. इथे टिकाऊपणा खरंच महत्त्वाचा आहे, कारण फटके हजारोंनी होणार. शेपटीचा कोपरा गोल हवा, शेपटी एकसंध हवी, टोक गोल किंवा वळवलेलं हवं. वजनाची वाटणी मूळ तलवारीजवळ असावी. आणि धार जाड असल्याने पाती रुतणार नाहीत, ही मर्यादा निष्कर्षात लिहा.

२. प्रश्न वाराच्या परिणामाचा असेल, जसा माझ्या ज्युनिअरचा, तर पात्याचा आकार, उतरती जाडी आणि धारेचा कोन हे मुळाशी जुळायलाच हवेत. फटके थोडे असतील, त्यामुळे हजारो फटक्यांच्या टिकाऊपणासाठी आकाराचा बळी देऊ नका. 'मध्ययुगीन तलवार' एवढंच सांगून भागत नाही. युअर्ट ओकशॉट यांनी १९६०च्या दशकात पक्कं केलेलं वर्गीकरण पात्याच्या आकारावर आधारलेलं आहे आणि त्यात दहा ते बावीस असे रोमन क्रमांक आहेत. दहावा प्रकार रुंद, पन्हळीचा, कापण्यासाठी. पंधरावा निमुळता, मध्ये कणा असलेला, भोसकण्यासाठी. दोघांची हाडावरची खूण एकसारखी असणार नाही. संग्रहालयातली एक विशिष्ट, मोजमापं प्रसिद्ध झालेली तलवार निवडा आणि तिची प्रतिकृती शोधा किंवा करून घ्या.

३. प्रश्न तलवारीच्याच झिजेचा असेल, तर धातूही जुळवावा लागेल. हे सगळ्यात महाग आणि सगळ्यात अवघड. बजेट नसेल तर प्रश्न बदला, तलवार नाही.

शोभेची स्टेनलेस तलवार तिन्हींत बसत नाही. तिला धक्के सोसतील असं पाणी सहसा दिलेलं नसतं आणि शेपटीचा भरवसा नसतो. ती भिंतीवरच बरी.

"आपल्याकडची मर्दानी खेळातली तलवार चालेल का?" असंही त्याने विचारलं. नाही चालणार, पण कारण समजून घ्या. आपल्या मुठीला मागे तबकडी असते, ती मनगट एका ठरावीक तऱ्हेने फिरू देते. युरोपीय मुठीत हात वेगळा बसतो, वार वेगळा उतरतो. उलट, मराठ्यांच्या फिरंगेवर कुणी काम करणार असेल तर पातं युरोपातून आलेलं आणि मूठ इथली, असं दोन ठिकाणांहून जुळवावं लागेल. तो एक स्वतंत्र आणि फार छान विषय आहे. कुणी घेतला तर मला आनंदच होईल.

मेथडॉलॉजीत एवढं तरी लिहा

प्रयोगांवरच्या लेखांबद्दल माझी खरी तक्रार इथे आहे. 'प्रयोगासाठी तलवारीची प्रतिकृती वापरली' एवढं एक वाक्य लिहून पुढे जाणारे निबंध मी वाचले आहेत. त्यांचे निष्कर्ष कदाचित बरोबरही असतील, पण दुसरा कुणी तो प्रयोग पुन्हा करूच शकत नाही. म्हणून किमान इतकं: एकूण वजन, पात्याची लांबी, तीन-चार ठिकाणची रुंदी आणि जाडी, संतुलनबिंदू मुठीच्या आडव्या दांडीपासून किती अंतरावर, धारेचा कोन, पोलादाचं नाव, कडकपणा आणि तो कुठे मोजला. व्हर्नियर कॅलिपर आणि स्वयंपाकघरातला काटा एवढ्यावर यातलं बरंचसं एका दुपारी होतं. कडकपणासाठी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मटेरियल्स लॅबला विनंती करा. शक्य असेल तर मूठ उघडता येणारी घ्या, आणि दर ठरावीक फटक्यांनंतर शेपटी तपासून तारीख घाला. माझ्या त्या साठ नोंदी एवढ्या एका सवयीने वाचल्या असत्या.

आणि धारदार तलवार असेल तर आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ आहे. विभागामार्फत लेखी चौकशी आधी करा, ऑर्डर नंतर. प्रयोगाच्या वेळी पात्याच्या रेषेत कुणीही उभं राहणार नाही हे लेखी नियमात घाला. माझ्या वेळी चहाने वाचवलं, तुमच्या वेळी चहा नसेल.

ज्युनिअरने परवा नवा मसुदा पाठवला. 'टिकाऊ प्रतिकृती' हे शब्द त्याने काढलेत. त्या जागी एका संग्रहालयातल्या तलवारीची मापं आहेत, किती मिलिमीटर फरक चालेल ते आहे, आणि 'दीडशे वारांपर्यंत धारेत होणारा बदल दर दहा वारांनी नोंदवला जाईल' असं एक वाक्य आहे. तलवार अजून घेतलेली नाही. बजेट आहे तेवढंच आहे, म्हणून त्याने हाडांचे प्रकार तिनावरून एकावर आणलेत. मला हा मसुदा आधीपेक्षा खूप आवडला.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असा एखादा 'टिकाऊ' लपलाय का, ते आज रात्री बघा. सापडला तर त्याच्यापुढे कंसात लिहा: कशावर, किती वेळा, बिघडला तर कसा.